बंब येऊन उभा, पण पाणी सात मिनिटांनी, असं काहून?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी लिहिलंय ते थोडक्यात असं. नागपूरच्या इतवारीत त्यांच्या मेहुण्यांचं कापडाचं दुकान आहे. रात्री साडेअकराच्या सुमारास शॉर्ट सर्किट झालं आणि आग लागली. बंब तसा वेळेवर आला, पण आल्यावर पहिली सात मिनिटं पाण्याचा थेंब पडला नाही. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "एक जण शटरले हात लावून राहिला, एक जण डीपी शोधून राहिला, अन् साहेब आम्हालेच प्रश्न विचारून राहिले. माल जळून राहिला होता जी!" आता त्यांचा मुलगा म्हणतो की मला याच खात्यात जायचंय. तर ही नोकरी करण्यासारखी आहे का, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

मी विदर्भातल्या दोन अग्निशमन दलांत मिळून ३१ वर्षं काढली. फायरमन म्हणून लागलो, स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. पाईप धरून पाणी मारायला अक्कल ती किती लागते, असं तुमच्या मनात आहे. मग त्या सात मिनिटांचा राग येणारच, आणि पोरगं त्याच कामाला निघालं की काळजीही वाटणारच.

आधी एक कबूल करतो. सात मिनिटं जास्त आहेत. सराव असलेली टोळी गाडी थांबल्यापासून एक-दोन मिनिटांत पहिल्या लाइनीत, म्हणजे जोडलेल्या होजमध्ये (पाईपमध्ये), पाणी आणते. पण गाडी कुठे थांबली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इतवारीच्या आतल्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही. हातठेले, दुचाक्या, दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या आणि डोक्यावर लोंबणाऱ्या तारा. गाडी तोंडाशी उभी करून होज जोडत आत जावं लागतं. एक होज १५ मीटरचा. दुकान ९० मीटर आत असेल तर सहा होज, आणि त्यातला एक जरी दुचाकीच्या स्टँडखाली दबला तर पुढे पाण्याची नुसती पिचकारी. ६३ मिलिमीटरच्या एका होजमध्ये पाणी भरलं की नुसतं पाणीच ४५ किलोच्या वर जातं. म्हणून भरलेला होज ओढत नेत नाहीत, रिकामा नेऊन मग भरतात. बघणाऱ्याला वाटतं, हे पाईप पसरवत बसलेत.

आणखी एक. राग मानू नका, पण ती सात मिनिटं घड्याळात पाहिलेली होती का? वॉच रूमच्या नोंदवहीत कॉल किती वाजता आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली हे सगळं लिहिलेलं असतं. लोक शपथेवर "अर्धा तास" सांगायचे आणि वहीत नऊ मिनिटं निघायची. लोक खोटं बोलत नव्हते. स्वतःचं घर जळताना पाहणाऱ्याचं एक मिनिट तेवढंच लांब असतं.

आता ते तिघे काय करत होते ते सांगतो.

डीपी शोधणारा वीज तोडायला गेला होता. चालू तारेवर पाण्याची अखंड धार पडली तर करंट धारेतून ब्रँच धरणाऱ्यापर्यंत येऊ शकतो. ब्रँच म्हणजे होजच्या टोकाचं ते पितळी नळकांडं. महावितरणचा माणूस येईपर्यंत थांबता येत नाही, म्हणून आपल्यालाच शोधाशोध करावी लागते. तुमच्या बाजारात तर एका खांबावरून कुणाकुणाचं कनेक्शन गेलंय ते तिथल्या जुन्या दुकानदारालाच ठाऊक असतं.

प्रश्न विचारणारे साहेब चौकशी नव्हे, पाहणी करत होते. आत माणूस झोपतो का? नोकर वगैरे? वरचा माळा लाकडी की स्लॅबचा? माल सुती की सिंथेटिक? मागे दार आहे का? चहासाठी सिलिंडर ठेवलाय का? यातल्या एकेका उत्तराने पुढचं सगळं बदलतं. एका दुकानात मालकाने "आत काही नाही" म्हणून सांगितलं आणि आम्हाला पोटमाळ्यावर थिनरचे सात-आठ डबे सापडले, तेही फुगलेले. तेव्हापासून मी मालकाला कमी आणि त्याच्या नोकराला जास्त विचारायचो.

शटरला हात लावणाऱ्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळं कसब तिथे आहे. त्याने हातमोजा काढून हाताची मागची बाजू शटरजवळ नेली असेल, खालून वर. तळवा कधीच लावत नाहीत. भाजला तर पुढे काही धरता येत नाही. मग तो फटीतून येणारा धूर बघतो. धूर सावकाश, एकसारखा येतोय की आत ओढला जातोय, परत बाहेर पडतोय, जणू दुकान श्वास घेतंय? दुसरं दिसलं तर सावध. आत जळायला माल आहे, उष्णता आहे, फक्त हवा संपलीय. अशा वेळी शटर एकदम वर केलं की हवा आत घुसते आणि साचलेला धूरच पेट घेऊन उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. आम्ही त्याला बॅकड्राफ्ट म्हणतो. मी तो नोकरीत दोनदा पाहिला. एकदा शटर उघडणारा मित्र समोरच्या ओट्यावर फेकला गेला. भुवया गेल्या, जीव वाचला. म्हणून आधी शटरवर हलकं पाणी शिंपडतात आणि ते कुठे लगेच वाळतं ते पाहतात. जिथून वाळलं तिथपर्यंत आत तापलेल्या धुराचा थर उतरलाय. मग शटर पूर्ण न उघडता हातभर उचलायचं, बाजूला राहून, आणि धार तयार ठेवून. जमलं तर वरून किंवा मागून धुराला वाट करून द्यायची. तुमच्या मेहुण्यांच्या वरच्या मजल्याची खिडकी "उगाच फोडली" असं तुम्ही लिहिलंय, ती बहुधा याचसाठी फोडली.

आणि पाणी मारायची घाई न करण्याचं साधं कारण गणिताचं आहे. मध्यम बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. एका लाइनीतून मिनिटाला ४५० लिटर जातं असं धरा. दोन लाइनी चालवल्या तर पाच मिनिटांत गाडी कोरडी. दुसरी गाडी येईपर्यंत किंवा हायड्रंट, म्हणजे रस्त्यावरचा बंबासाठीचा नळ, सापडेपर्यंत तुम्ही नुसते उभे. तेच पाणी नेमकं आगीच्या बुडाशी पडलं तर कमाल करतं: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे १,७०० पट जागा व्यापते आणि उष्णता ओढून नेते. पण तीच वाफ बंद खोलीत परत फिरली तर आतल्या माणसाला भाजते. रस्त्यावरून धुरावर मारलेली धार बघायला जोरदार दिसते, वर्तमानपत्रात फोटोही तिचाच येतो, पण तिने आग विझत नाही.

ही गोष्ट आमच्या धंद्याला कळायला शतकं लागली. बंब हा शब्दच पोर्तुगीज 'बोम्बा'वरून आला, म्हणजे पंप. (माझ्या आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. त्यात विस्तव आत आणि पाणी भोवताली. आमच्या बंबात पाणी आत आणि विस्तव भोवताली. लहानपणी मला दोन्ही एकच वाटायचे.) पूर्वी पंप म्हणजे रस्त्यात उभा केलेला हातपंप, आणि धार खिडकीच्या दिशेने सोडायची, मग आत काहीही होवो. १८२४ मध्ये एडिंबरात जेम्स ब्रेडवूड नावाचा तरुण अधिकारी नेमला गेला. त्याने माणसं निवडताना छपरं शाकारणारे, सुतार, गवंडी, प्लंबर, लोहार असे घेतले, कारण घर कसं बांधलंय हे ज्याला कळतं त्यालाच ते कसं पडेल हे कळतं. आणि शिकवण अशी की आत शिरा, आगीच्या बुडापर्यंत जा, धार तिथेच पडली पाहिजे. पुढे तो लंडनला गेला आणि १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत अंगावर पडून गेला. लंडनचं दल तेव्हा विमा कंपन्यांच्या पैशावर चालायचं. त्या आगीनंतर काही वर्षांत ते सार्वजनिक झालं. आमच्याही टोळीत एक जण आधी गवंडीकाम करायचा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात शिरताना मी साहेबांच्या आधी त्याच्याकडे बघायचो. तुळई चरचरली की तो हात वर करायचा आणि आम्ही सगळे थांबायचो.

महालाचं नाव निघालंच आहे तर, भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला. काळ्या बेसाल्टचा, आत लाकडावर भरपूर कोरीवकाम असलेला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला. त्याच वर्षी नागपूरची नगरपालिका सुरू झाली. मुंबईचं दल पोलिसांपासून वेगळं व्हायला १८८७ उजाडलं, यावरून त्या काळी कुणाच्या जोरावर आगी विझत असतील याचा अंदाज करा.

कापड आणि कापूस यांचा विषय आला की आम्हा लोकांना १४ एप्रिल १९४४ आठवतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज होतं. पोटात दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. फायरमन आले, पाणी ओतत राहिले, पण आगीचं मूळ नेमकं कुठे आहे ते धुरामुळे कळेना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. ६६ फायरमन त्या दिवशी गेले. म्हणून दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. तुम्ही चौकात बॅनर पाहिले असतील.

हे मी इतिहास म्हणून नाही सांगत. विदर्भात जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांच्या, आगी दर हंगामात असतात, आणि गठाणीची, म्हणजे दाबून बांधलेल्या गाठीची, आग तशीच वागते. वरून भिजते, आत धुमसत राहते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका तालुक्याच्या गावी आम्ही रात्री दोनला आग "विझवून" परत आलो, आंघोळी केल्या, चहा घेतला, आणि पहाटे पाचला तिथूनच परत कॉल. गठाणी फोडून, रुई उपसून, प्रत्येक गाठीच्या पोटात हात घालून गरम लागतंय का हे बघायला हवं होतं. ते आम्ही केलं नव्हतं. मालकाने आम्हाला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही, पण चूक आमचीच होती. तुमच्या मेहुण्यांचे कापडाचे तागे आग विझल्यावर रस्त्यावर आणून उलगडून भिजवले, "उरलेला मालही नासवला" अशी तुमची तक्रार आहे ना? त्यामागे असंच काहीतरी असणार. घट्ट गुंडाळलेला तागा म्हणजे छोटी गठाणच.

तरीही, डोळे झाकून दलाची बाजू मी घेणार नाही. होज फुटके निघणं, पंप पाणीच न ओढणं, ड्रायव्हरला गल्ली माहीत नसणं, हे सगळं होतं आणि मी ते पाहिलंय. फरक ओळखायचा तर एवढं बघा: माणसं गप्प राहून वेगवेगळी कामं करत होती, की एकाच ठिकाणी जमून एकमेकांवर ओरडत होती? तुमच्या वर्णनात तिघे तीन कामांवर होते. यावरून तरी मला ती टोळी बरी वाटते.

आता मुलाचं.

पहिली गोष्ट, हे काम आगीचं कमी आणि बाकीचं जास्त आहे. संक्रांतीला मांजात अडकलेली घार, विहिरीत पडलेली गाय, वादळात आडवं झालेलं झाड, अपघातात गाडीत चेंबलेला माणूस. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा लोकांना बाहेर काढणाऱ्यांत हेच लोक होते. उरलेला वेळ ड्रिल, गाडी पुसणं, होज वाळवणं आणि वाट बघणं. ज्याला रिकामं बसवत नाही त्याला हे जड जातं. घंटा झाली की मात्र ताटावरून उठायचं.

दिवाळीत सुटी मिळत नाही, हे गृहीत धरा. आमच्याकडे कितीतरी वर्षं लक्ष्मीपूजन दुपारी चारला उरकायचं, कारण सहाला मला स्टेशनवर हजर राहावं लागायचं. मुलांना मोठं होईपर्यंत वाटायचं की पूजेची वेळच चारची आहे.

शरीराचं सांगतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर असताना सूट, हेल्मेट, पाठीवर बीए सेट घालून जिना चढायचा. बीए सेट म्हणजे श्वासाचं सिलिंडर: सहा लिटरची बाटली ३०० बारने भरली की १,८०० लिटर हवा. कागदावर ती ४५ मिनिटं पुरते. धडधडत्या छातीने, वजन ओढत असाल तर पंचवीस-तीस मिनिटांत हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागते आणि शिट्टी वाजली की मागे फिरायचं, आतून हाक आली तरी. हे शिकवायला सर्वांत अवघड. दाढी राखली तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, म्हणून रोज दाढी करायची.

आम्ही लागलो तेव्हा एका दलात पाच माणसांत दोनच सेट होते. तिसरा ओला रुमाल बांधून जायचा. असाच एक सहकारी नायलॉनच्या गोदामात तोंडाला रुमाल बांधून शिरला आणि दहा पावलांवर बसला. बाहेर ओढला तेव्हा तो हसत होता, काही झालंच नाही म्हणत होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस असा भ्रमतो. तीन दिवस दवाखान्यात. ओल्या रुमालाने काजळी थोडीफार अडते, वायू अजिबात अडत नाही.

त्याच काळात काळा पडलेला सूट ही आमची शान होती. नवा, स्वच्छ सूट घातलेल्या पोराला आम्ही "शोरूमचा माल" म्हणायचो. माझी बायको मात्र ते कपडे घरात येऊ द्यायची नाही. मागच्या अंगणात वेगळी बादली, वेगळा साबण. मी चिडायचो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनचं काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, म्हणजे पुरावा पक्का. बातमी मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग मी काय म्हणत होती?" मुलगा लागलाच तर त्याला पहिल्या दिवसापासून हेच सांगा: आग विझली की तिथल्या तिथे अंग, मान, हात धुवायचे, सूट पिशवीत बांधून धुवायला द्यायचा, उशीजवळ ठेवायचा नाही.

भरतीचं बरंचसं जाहिरातीवर अवलंबून आहे. कायम पद की कंत्राटी, हे आधी वाचा, कारण दुखापत झाल्यावर फरक तिथेच पडतो. महापालिकांच्या जाहिरातीत पदाचं नाव 'अग्निशामक विमोचक' असंही असतं. साधारणपणे दहावी-बारावी, उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आणि राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. तुम्ही नागपूरचे म्हणून आणखी एक सांगतो: तुमच्याच शहरातलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि दुसऱ्या वर्षी इथे आलं. देशभरचे अधिकारी इथे शिकून जातात, सब ऑफिसरचा कोर्स आणि फायर इंजिनीअरिंगची पदवी इथे होते, आणि निम्म्या नागपूरला ते कुठे आहे ते माहीत नाही. गल्लोगल्ली निघालेल्या 'फायर अँड सेफ्टी' डिप्लोमांचे पैसे भरण्याआधी भरतीच्या जाहिरातीत तो कोर्स चालतो का हे तपासा. बरेच चालत नाहीत.

मेहुण्यांसाठीही दोन ओळी. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ज्या इमारतींना ती लागू आहे तिथे दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी', म्हणजे ती व्यवस्था चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तुमचं मार्केट त्यात बसतं का ते असोसिएशनला विचारा. नाही बसलं तरी शटरच्या आत, दाराजवळ, हाताला येईल असा आग विझवायचा एक सिलिंडर टांगा. गल्ल्याच्या मागे, देवाच्या फोटोखाली लपवलेला सिलिंडर मी फार वेळा बाहेर काढलाय, आग विझल्यावर.

मुलगा उंचीला, अंधाराला भितो की नाही हे मात्र कोणताही फॉर्म सांगत नाही. त्याला घराच्या गच्चीवर लोखंडी शिडीने एकदा चढवा आणि खाली उतरताना तो हात कुठे धरतो ते बघा. चढताना सगळेच नीट धरतात. आणि मेहुण्यांना माझ्यातर्फे एक विचारा: शटरवर पाणी शिंपडलं तेव्हा ते कमरेच्या वरून वाळलं होतं की पार खालपासून? ते कळलं तर त्या सात मिनिटांबद्दल मला जास्त नीट सांगता येईल.